जखमीच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

अपघाताची बातमी होते. अपघातानंतर रुग्णालयात जे घडते त्याची बातमी सहसा होत नाही. बस दरीत कोसळली, ट्रकने दुचाकीला उडवले, बांधकामावरील परांची तुटून मजूर खाली आले, की दुसऱ्या दिवशी मृतांचा व जखमींचा आकडा छापून येतो, मदतीची घोषणा होते, आणि ‘जखमींना उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात दाखल करण्यात आले आहे’ या वाक्यापाशी बातमी थांबते. जखमीच्या दृष्टीने मात्र खरी कहाणी तेथेच सुरू होते. त्याचा पाय वाचला की नाही, हात पूर्ववत चालू लागला की नाही, तो पुन्हा कामावर उभा राहिला की घरातल्यांच्या आधाराने दिवस काढू लागला, या प्रश्नांचा निकाल बहुतेक वेळा पुढच्या काही तासांत आणि काही आठवड्यांत, रुग्णालयाच्या खाटेवर लागतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मळणी यंत्रात हात सापडलेला शेतमजूर, परांचीवरून पडलेला गवंडी, न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली आजी यांची गणना या आकड्यांत नाही. आणि जे जखमी म्हणून मोजले गेले त्यांपैकी किती जणांचे अपंगत्व अपघाताने आले व किती जणांचे उशिरा, अर्धवट किंवा चुकीच्या उपचाराने आले, हे सांगणारा रकाना या अहवालात नाही. पाय ट्रकखाली गेला की घट्ट बसलेले प्लास्टर रात्रभर कोणी न कापल्यामुळे गेला, हा भेद कागदावर पुसला जातो. उरते ते एकच वाक्य: ‘अपघातात पाय गेला.’

अपुऱ्या उपचाराला तोंड देण्याचे दोनच मार्ग आपल्या समाजात रूढ आहेत. एक, ‘नशिबात होते’ असे म्हणून रुग्णाला घरी नेणे. आणि दुसरा, संताप अनावर झाला की रुग्णालयाच्या काचा फोडणे व समोर सापडेल त्या डॉक्टरवर हात टाकणे. पहिल्याने रुग्णाचे काही भले होत नाही आणि दुसऱ्याने कोणाचेच होत नाही. तिसरा मार्ग आहे तो वेळेवर प्रश्न विचारण्याचा, कागद मागण्याचा आणि उत्तर मिळेपर्यंत सनदशीरपणे पाठपुरावा करण्याचा. न्यायालयांनी हा मार्ग गेल्या काही दशकांत बराच मोकळा केला आहे. तो सामान्य माणसाला चालता येईल असा करण्याचे काम मात्र शासनाने आणि वैद्यकीय व्यवसायाने अपुरे ठेवले आहे.

सहा तासांचा प्रश्न

अपुरा उपचार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोटात राहिलेली कात्री येते. प्रत्यक्षात जखमीचे नुकसान पुष्कळदा अशा ठळक चुकीने होत नाही. ते कोणी वेळेवर न पाहिल्याने होते. नडगी किंवा कोपराजवळचे हाड मोडले की आतले स्नायू सुजू लागतात. स्नायूंच्या गटांभोवती जे चिवट आवरण असते ते ताणले जात नाही, आणि त्यावर बाहेरून प्लास्टर किंवा हाडवैद्याने आवळून बांधलेल्या कामट्या असतील तर सुजेला जागाच उरत नाही. आतला दाब वाढत जातो व स्नायूंना रक्त पोहोचेनासे होते. ही स्थिती सुमारे सहा तास टिकली की स्नायू आणि मज्जातंतू मरू लागतात; मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. घट्ट पट्टीमुळे हाताची बोटे कायमची आखडून जाण्याच्या या विकाराचे वर्णन रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली केले होते व तो विकार आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे हे ज्ञान दुर्मिळ नाही आणि नवेही नाही.

या संकटाची खूण ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि औषधाला न जुमानता वाढत जाणारी वेदना, हाताची किंवा पायाची बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली तरी जीव कासावीस करणारी कळ, मुंग्या व बधिरपणा, दगडासारखी घट्ट झालेली पोटरी, ही लक्षणे कोणाही परिचारिकेला ठाऊक असतात. पहिला उपायही साधा आहे: प्लास्टर आणि त्याखालचा कापूस थेट कातडीपर्यंत चिरून मोकळा करणे. तेवढ्याने भागले नाही तर तातडीने शस्त्रक्रिया करून आवरणाला छेद द्यावा लागतो. परंतु रात्री दोन वाजता रुग्ण विव्हळू लागला की वॉर्डातील मावशी म्हणतात, ‘हाड मोडलंय, दुखणारच’. आणि सिस्टरकडे गेले तर उत्तर येते, ‘डॉक्टर सकाळी राउंडला येतील, त्यांना सांगा.’ दोघींच्याही मनात दुष्टावा नसतो. एका परिचारिकेच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. पण सकाळचा राउंड होईपर्यंत ते सहा तास निघून गेलेले असतात.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. तळहातावर भार देऊन पडलेल्या माणसाच्या मनगटातील होडीच्या आकाराच्या लहान अस्थीला पडलेली भेग पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात पुष्कळदा दिसतच नाही; म्हणून संशय असल्यास मनगट बांधून ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा छायाचित्र काढावे, हा रूढ नियम आहे. ‘हाड शाबूत आहे, मुका मार आहे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले आणि पुन्हा बोलावलेच नाही, तर त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते सांधतच नाही. गवंड्याचे, शिंप्याचे किंवा सुताराचे मनगट असे निकामी होणे म्हणजे त्याचा धंदाच बुडणे होय. डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरी जाऊ द्या म्हणतो, आणि काही तासांनी कवटीच्या आत साचत चाललेल्या रक्तामुळे बेशुद्ध होतो. त्याला देखरेखीखाली ठेवायचे की घरी सोडायचे, आणि सोडायचे तर कोणती लक्षणे दिसताच परत आणायचे, हे नातेवाइकांना सांगितले गेले की नाही यावर त्याचा जीव अवलंबून असतो. हाड उत्तम सांधले पण सांध्याचा व्यायाम कोणी शिकवला नाही म्हणून आखडून गेलेल्या गुडघ्यांची तर गणतीच नाही.

पालशेत ते पुणे

आपल्या न्यायालयांत वैद्यकीय हलगर्जीपणाचा कायदा ज्या निकालावर उभा आहे तो एका मोडलेल्या हाडाचा व महाराष्ट्रातलाच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, पुढे त्या बदलून रीतसर आधारपट्ट्या लावल्या व पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर टॅक्सीने निघून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून मंडळी ९ मे रोजी दुपारच्या सुमारास पुण्यात पोहोचली. तेथील एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात तरुणाला दाखल करण्यात आले, पायावर उपचार झाले, प्लास्टर घालण्यात आले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आईला त्याचा श्वास अडखळत असल्याचे दिसले, आणि रात्री नऊ वाजता तो मरण पावला.

त्याचे वडील स्वतः वैद्यकीय व्यवसाय करीत होते. पुरेशी भूल न देता आणि फाजील जोर लावून हाड बसवण्यात आले, त्या धक्क्याने मुलगा गेला, असा त्यांचा दावा होता. शल्यविशारदाने तो नाकारला. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने वडिलांचे म्हणणे मान्य केले व ३००० रुपयांची भरपाई मंजूर केली. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी घेणे, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. या तिन्ही बाबतींत वाजवी कौशल्य आणि वाजवी दक्षता अपेक्षित आहे; त्यांपैकी कशातही उणीव राहिली तर रुग्णाला दाद मागता येते.

या निकालातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, जखमी माणसाला दाद मागण्याचा हक्क आहे याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. दुसरी अधिक विचार करायला लावणारी आहे. घटना १९५३ ची, अंतिम निकाल १९६८ चा. आणि ही पंधरा वर्षे ज्या पित्याने लढा दिला तो स्वतः डॉक्टर होता. काय विचारायचे हे त्याला कळत होते. उपचाराच्या कागदावरचे अक्षर ज्याला लागत नाही आणि ज्याची रजा दोन दिवसांची आहे, त्याने ही वाट कशी चालावी?

डॉक्टरांची बाजू

येथे डॉक्टरांना न्याय देणेही आवश्यक आहे. प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. चिरडलेला पाय उत्तम शल्यविशारदाच्या हातूनही कधी कधी वाचत नाही. उघड्या जखमेत जंतुसंसर्ग सर्व दक्षता घेऊनही होऊ शकतो. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि दुसरी अधिक बरी ठरली असती असे नंतर दिसून आले, तर कायदाही त्याला दोषी धरत नाही. ५ ऑगस्ट २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईसाठी साध्या चुकीपेक्षा गंभीर अशा हलगर्जीपणाची अट घातली आणि तत्पूर्वी तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घ्यावे असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हलगर्जीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी इतरांना पाच वर्षांपर्यंत तर नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय उपचारांबाबत दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद ठेवली आहे. भीतीच्या छायेखाली शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रुग्णालाही नकोच असतो.

शिवाय दोष पुष्कळदा माणसापेक्षा व्यवस्थेचा असतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारदांसह विशेषज्ञांची कमतरता सुमारे ८० टक्के होती. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच वैद्यकीय अधिकारी असेल, तोच बाळंतपण पाहील, तोच सर्पदंश पाहील आणि तोच महामार्गावरून आलेले जखमी पाहील, तर त्याच्याकडून दर तासाला प्रत्येकाची बोटे तपासण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अशा वेळी जखमीच्या प्रश्नाचे उत्तर त्या तरुण डॉक्टरपेक्षा त्याला एकटे सोडणाऱ्या शासनाने द्यावयाचे असते. पण प्रश्न विचारलाच गेला नाही तर हा भेदही उजेडात येत नाही, आणि सारा रोष पांढरा कोट घातलेल्या पहिल्या माणसावर निघतो.

दाराशीच नकार

अपुऱ्या उपचाराचा सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे उपचारच नाकारणे. ‘ही पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या’, ‘खाट नाही’, ‘आधी अनामत भरा’ ही वाक्ये कोणत्याही शहराच्या आणि तालुक्याच्या गावच्या लोकांना परिचयाची आहेत. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही, वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले, आणि तो वाटेत मरण पावला, अशा एका वृत्तपत्रीय बातमीवरून सर्वोच्च न्यायालयापुढे अर्ज आला. त्या ‘परमानंद कटारा’ प्रकरणात २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्यासाठी तत्काळ उपचार करण्याचे बंधन आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलमही हेच सांगते.

पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराची हकीकत याहून बोलकी आहे. ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्थानकावर तो गाडीतून पडला व डोक्याला गंभीर दुखापत झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवण्यात आले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. शेतमजुरांच्या संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने २५ हजार रुपयांची भरपाई तर दिलीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाच्या टंचाईची सबब सरकारला पुढे करता येणार नाही, असे बजावले.

त्यानंतर सुविधा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेने रस्त्यावरील अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत, आणि तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णांकडून अनामत मागायची नाही. हे सारे कागदोपत्री उत्तम आहे. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या घाबऱ्या बापाला यांतले काहीच ठाऊक नसेल, तर मात्र त्याचा उपयोग शून्य.

कागद आणि वेळ

मग अशा प्रसंगी माणसाने काय करावे? पहिली गोष्ट ही की, आधी शरीर वाचवावे, मग तक्रार. उपचार बरोबर चालला नाही अशी शंका आल्यास सर्वांत तातडीचे काम म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे. त्याने पहिल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर स्वतःच तसे सुचवतात. वेदना वाढत असेल तर ‘दुखते आहे’ एवढ्यावर न थांबता ‘बोटे बधिर झाली आहेत, प्लास्टर सैल करून पाहा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि कोणाला, किती वाजता सांगितले ते साध्या वहीत लिहून ठेवावे. रुग्णाला दुसरीकडे हलवायचे असेल तर आधी मोडलेला अवयव नीट बांधलेला आहे, श्वास व रक्तस्राव आटोक्यात आहे आणि पुढच्या रुग्णालयात सोय आहे याची खात्री करून घ्यावी. घाईने हलवल्यामुळे जीव गेल्याची उदाहरणे काही कमी नाहीत.

दुसरी गोष्ट कागदांची. केसपेपर, क्ष-किरण छायाचित्रे, शस्त्रक्रियेची टिपणे, परिचारिकांच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड हे रुग्णाच्या हक्काचे कागद आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली ‘राहेजा’ प्रकरणात रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागितलेला कागद ‘रेकॉर्डवाले साहेब सुट्टीवर आहेत’ या उत्तरात हरवतो.

तिसरी गोष्ट दाद कोठे मागायची ही. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांसाठी ग्राहक आयोग आहेत. १३ नोव्हेंबर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. मुदत दोन वर्षांची आहे, आणि उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. परंतु जेथे सर्वच रुग्णांना मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि गरीब जखमी नेमका तेथेच जातो. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. शासन आपल्या रुग्णालयातील चुकीला जबाबदार असते, हेही ठरलेले आहे. मात्र औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहून गेल्याने एक स्त्री दगावली, त्या खटल्याचा अंतिम निकाल १९९६ साली लागला, आणि भरपाई मिळाली ३६ हजार रुपये. तेहतीस वर्षांनी मिळालेल्या न्यायाला न्याय म्हणायला जीभ कचरते.

या परिस्थितीत एका कमी परिचित दरवाजाकडे लक्ष वेधले पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात पुढे घालण्यात आलेल्या २२ अ व त्यापुढील कलमांनी स्थायी लोकअदालती निर्माण झाल्या आणि त्यांच्या कक्षेत रुग्णालयातील सेवा स्पष्टपणे घालण्यात आली. न्यायालयात जाण्यापूर्वी येथे अर्ज करता येतो, न्यायालयीन शुल्क पडत नाही, एक कोटी रुपयांपर्यंतचे वाद चालतात, आणि तडजोड न झाल्यास निर्णय देण्याचा अधिकारही या अदालतीला आहे. जखमीच्या आणि रुग्णालयाच्याही दृष्टीने हा मार्ग कमी कटुतेचा आहे.

कायद्याचे दोन अर्धे

डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. रुग्णालयात हिंसा करणे हा त्यानुसार अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तो कायदा आवश्यकच होता. रुग्णालयात हाणामारी करणारा जमाव शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा उपचारही बंद पाडतो. या कायद्याच्या इशाऱ्याचे फलक रुग्णालयांच्या भिंतींवर लागलेले आपण पाहतो. परंतु त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन या क्षेत्रांतील तज्ज्ञांचे एक प्राधिकरण शासनाने नेमावे, हलगर्जीपणाचे बळी ठरलेल्यांच्या तक्रारी त्याने ऐकाव्यात व योग्य ठिकाणी दाद मागण्यासाठी त्यांना साहाय्य व सल्ला द्यावा, अशी ती तरतूद होय. कायदा करणाऱ्यांना हे उमगले होते की, हिंसेला बंदी घालताना प्रश्न विचारण्याला जागा करून दिली पाहिजे. त्या फलकावर या दुसऱ्या अर्ध्याचा उल्लेख किती रुग्णालयांत आढळतो, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

तेव्हा अपेक्षा फार मोठ्या नाहीत. प्रत्येक रुग्णालयात दिवसा आणि रात्री, जखमीच्या नातेवाइकांना उत्तर देण्याची जबाबदारी असलेला एक अधिकारी असावा आणि त्याचे नाव फलकावर लिहिलेले असावे. प्लास्टर घातलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती धोक्याच्या खुणा आणि पुन्हा केव्हा यायचे ते सांगणारी चिठ्ठी, सोप्या मराठीत व ठळक अक्षरात, द्यावी. तिचा खर्च एका इंजेक्शनच्या सुईहून अधिक नाही. उपचारानंतर अवयव गमावलेल्या वा कायमचे अपंगत्व आलेल्या प्रत्येक जखमीच्या उपचारांची जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर चौकशी होऊन कारण लेखी कळवावे. त्यात चूक कोणाचीच नसेल तर तसे लिहावे, आणि क्ष-किरण यंत्र बंद होते किंवा डॉक्टर एकटाच होता असे असेल तर तेही लिहावे. २०१० च्या कायद्यातील प्राधिकरणाचा पत्ता हिंसाबंदीच्या फलकावरच छापावा.

जखमी माणूस रुग्णालयात येतो तो हतबल होऊन. त्याच्या शरीरावर दुसऱ्याने काय करावे हे तो ठरवू शकत नाही. विश्वास टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. म्हणूनच त्या विश्वासाचा हिशेब मागण्याचा त्याला अधिकार आहे. हिशेब देण्याची सवय ज्या रुग्णालयाला लागते तेथे प्लास्टर वेळेवर कापले जाते, कारण सकाळी कोणीतरी विचारणार आहे हे रात्रपाळीला ठाऊक असते. डॉक्टरांची प्रतिष्ठा अशा प्रश्नांनी कमी होत नाही. प्रश्नाला उत्तर मिळाले तर ती वाढते. उत्तर न मिळालेला प्रश्न मात्र एक तर मुकाट्याने घरी जातो, नाही तर दगड होऊन परत येतो. दोन्ही टाळणे शासनाच्या हाती आहे.